खड्डा कसा बुजवणार ते आधी सांगा



पाड्यामागची टेकडी गेली नऊ वर्षं ट्रकात भरून चालली आहे. आता खाणीची मुदत संपली, ती वाढवून पाहिजे, म्हणून ठेकेदाराचा माणूस ग्रामपंचायतीत एक कागद ठेवून गेला. वर लिहिलंय ‘जमीन पुनर्भरण आराखडा’. आम्ही तो दोनदा वाचला. दोनच पानं आहेत. काम संपल्यावर ‘खड्डा योग्य रीतीने भरण्यात येईल व झाडे लावण्यात येतील’, बस्स.

आता साधा हिशेब करा. खड्ड्यातला दगड क्रशरमध्ये गेला, खडी होऊन रस्त्यावर पडली. मग खड्डा भरणार कशाने? जेवढं नेलं तेवढं परत आणणार काय? ‘खड्डा भरू’ ही थापच आहे. भरता येत नाही, पण नीट करता येतो, आणि तो कसा ते आराखड्यात असायला पाहिजे.

पहिली गोष्ट मातीची. आपल्याकडे काळ्या कातळावर माती ती केवढी? कुठे वीत, कुठे हात. तेवढी व्हायला शेकडो वर्षं लागली. खाण सुरू झाली तेव्हा ती माती बुलडोझरने ओहोळाकडे लोटली. पहिल्याच पावसात ती खालच्या खाचरांत उतरली, मागून खडीची कचही आली. चार घरांची आवणी त्या वर्षी वाया गेली. नुकसानीचा पंचनामा झाला, पैसा आला नाही. म्हणून नवीन जागा उकरायची बात निघालीच तर वरची माती आधी वेगळी काढायची, ढीग बुटका ठेवायचा, त्यावर गवत पेरायचं आणि खालून दगडाचा बांध घालायचा. एक तुकडा खोदून झाला की लगेच ती माती त्यावर पसरायची, मग पुढचा तुकडा. सगळं शेवटी करू म्हणणारा शेवटी दिसत नाही, हे आपण पाहिलंय.

दुसरी गोष्ट कड्याची. आत्ता खाणीची भिंत सरळ उभी आहे, खाली पावसाचं पाणी. गेल्या श्रावणात एका घरचा बैल पाण्याला गेला तो वर आलाच नाही. भिंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरती करायला पाहिजे, म्हणजे पायरीवर माती धरते, गवत धरतं. पाण्याच्या एका बाजूला गुरं उतरतील असा उतार, बाकी तिन्ही बाजूंना कुंपण. असं केलं तर तोच खड्डा उन्हाळ्यात गुरांच्या कामाला येईल. वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवावं लागेल. नाहीतर इथला पाऊस कसा कोसळतो ते ठाऊक आहे, पसरलेली माती एका रात्रीत जाईल.

झाडांचं म्हणाल तर निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ‘हिरवं केलं’ म्हणणं आम्हाला मान्य नाही. त्याखाली गुरांना काय मिळतं? आधी गवत, मग करंज, खैर, आपटा, बांबू. माती जरा धरली की मोह आणि ऐन. कुठलं झाड कातळावर जगतं हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि लावलेल्या जागेला तारा ठोकून ‘आत येऊ नये’ची पाटी लागता कामा नये. जमीन सुधारली आणि आपल्या हातून गेली, असं व्हायला नको. ती गुरचरण होती, गुरचरणच राहील, हे लिहून घ्यायचं.

कायदा काय सांगतो? 1996 च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाची खाण देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. त्या ‘किंवा’तूनच गडबड होते. सरपंचाची सही घेतली की झालं, असं ठेकेदार समजतो. सुप्रीम कोर्टाने 27 फेब्रुवारी 2012 ला सांगितलंय की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही, तिच्या मुदतवाढीलाही, पर्यावरण मंजुरी लागेल. टेकडीचा वरचा भाग जंगलात येतो. तिथे 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार देतो.

आमच्यातच दोन मतं आहेत, ते लपवत नाही. आपलीच दहा-बारा पोरं क्रशरवर कामाला आहेत, खाण बंद झाली तर त्यांची मजुरी जाते. त्यांना शत्रू समजू नका. उलट पायऱ्या पाडायचं, माती पसरायचं, बांध घालायचं काम त्यांनाच मिळालं पाहिजे, आणि तो पैसा ठेकेदाराने आधी अनामत म्हणून सरकारकडे भरला पाहिजे. आमचं मत असं की जुना खड्डा नीट झाल्याशिवाय मुदतवाढीला शिफारस देऊ नये. एक इंचही नवीन खोदाई नको.

येत्या ग्रामसभेला आराखड्याचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. त्याआधी रविवारी सकाळी आम्ही खाणीवर जमतोय. दोर आणि काठ्या घेऊन या. खड्डा किती लांब, किती रुंद, किती खोल, ते आपण मोजू आणि वहीत लिहू. बायांनी जरूर यावं. कुठली वाट बुजली, कुठला झरा आटला, ते त्यांना जास्त ठाऊक आहे.