अडल्या मोटारीचा सोबती

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या शिरूरच्या घरीं रात्रीं अकराच्या सुमारास वहिनींच्या छातींत कळ आली. थोरले बंधू व मुलें परगांवीं होतीं. धाकटी सूनबाई मोटार काढावयास गेली. चावी फिरविली, 'टक्' असा आवाज झाला, आणि मोटार गप्प! तीन आठवडे ती जागची हालली नव्हती. अशा वेळेसाठींच पुतण्यानें आणलेला 'जंप स्टार्टर' कपाटांत होता; परंतु त्याचाही दिवा लागेना. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हें घाबरल्यामुळें कोणासच सुचलें नाहीं. शेवटीं शेजाऱ्यांच्या गाडींतून वहिनींस दवाखान्यांत नेलें. ईश्वरकृपेनें त्या आज सुखरूप आहेत; तथापि त्या खटपटींत गेलेला अर्धा तास आम्ही विसरलों नाहीं. म्हणून हा विषय येथें घेत आहों.

इंजिन आपण होऊन सुरू होत नाहीं. प्रथम तें कोणी तरी फिरवावें लागतें. पूर्वीं त्यासाठीं लोखंडी हँडल मारीत, आणि तें उलटून कित्येकांचे हात मोडत. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, आणि हें काम बॅटरीकडे गेलें. ती थकली कीं सारेंच अडतें. जंप स्टार्टर म्हणजे पुस्तकाएवढ्या पेटींतील लिथियम बॅटरी. दोन चिमट्यांनीं जोडली म्हणजे ती क्षणभर उसनें बळ देते.

दुकानांत गेल्यावर सर्वांत मोठा आंकडा पुढें करितात: १००० किंवा २००० अँपिअर. हा 'पीक', म्हणजे निमिषमात्र टिकणारा प्रवाह होय. इंजिन फिरतें तें 'स्टार्टिंग' अथवा 'क्रँकिंग' प्रवाहावर. तोच आंकडा विचारावा. आमच्या लहान पेट्रोल मोटारीस सुमारें २०० अँपिअर पुरतात. दौंडास आमच्या भगिनीकडे डिझेलची गाडी आहे. डिझेल इंजिनांत दाब अधिक, म्हणून तिच्यासाठीं ४०० हून कमी घेऊं नये. न्हावरें, चौफुला, पाटस असा रात्रींचा प्रवास करितांना वाटेंत कारागीर भेटेलच असें नाहीं. तेथें कमी पडणारी पेटी काय कामाची? 'मिलिअँपिअर-तास' हा साठ्याचा आंकडा आहे. त्यावरून इंजिन फिरेल कीं नाहीं हें समजत नाहीं. तसेंच मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात. त्यांस आपली १२ व्होल्टची पेटी लावूं नये.

चिमटे उलटे लागल्यास प्रवाह तोडणारी व ठिणगी रोखणारी योजना जींत आहे, तीच पेटी घ्यावी. चार पैसे वांचविण्यासाठीं ही सोय सोडणें शहाणपणाचें नव्हे. लावण्याची रीत सोपी आहे. मोटारींतील दिवे, पंखा बंद करावे. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक खुणेस व काळा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावा. कारण बॅटरींतून ज्वालाग्राही वायु निघतो. चावी पांच सेकंदांहून अधिक धरूं नये. न साधल्यास मिनिटभर थांबून पुन्हा पाहावें. इंजिन चालू होतांच चिमटे काढावे. बॅटरी फुगली वा गळत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या पुतण्यानें आणलेली पेटी वाईट नव्हती. वर्षभर तिला कोणीं वीजच दिली नव्हती! न वापरलेली पेटीही हळूहळू रिती होते. तीन महिन्यांनीं तरी ती भरलीच पाहिजे. ती मोटारींत कायमची ठेवूंही नये. वैशाखांत उन्हांत उभ्या मोटारींत ५०-६० अंशांपर्यंत उष्णता चढते, ती लिथियमला मानवत नाहीं. घरांत सावलींत ठेवावी, प्रवासास निघतांना बरोबर घ्यावी.

आमच्या घरीं आतां दर संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहतांना सूनबाई पेटीचे दिवे मोजते. गेल्या महिन्यांत तिनें वहिनींसही भर दुपारीं अंगणांत चिमटे लावावयास शिकविलें. ज्यांच्या घरीं पुरुष माणसें नोकरीनिमित्त बाहेर असतात, त्यांनीं खरेदीच्या वेळीं घरच्या बायकांनाच बरोबर न्यावें. कारण अडल्या रात्रीं पेटी त्यांच्याच हातीं येणार आहे.