गच्चीवरचं विमान
कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते डोळे भरून पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला त्यानं जमीन सोडली. अमेरिकेत असं घरी विमान बांधणं हा हजारो लोकांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये अशा हौशी मंडळींची संघटना बांधली. तिथला नियम सरळ आहे: विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं हवं. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं रिव्हेट ठोकलेला असा हौशी माणूस उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढतो आणि उजेडात धरतो. इंधनात पाणी असेल तर ते जड असल्यानं खाली बसतं, आणि थोडं पाणीही इंजिन बंद पाडू शकतं. पाण्याचा तो थेंब शोधणारी नजर मला उड्डाणाइतकीच मोलाची वाटते. कसबी हात आपल्याकडेही भरपूर आहेत. त्यांना सुटसुटीत नियम आणि एखादी छोटी धावपट्टी मिळायलाच हवी.