शिक्षक संघटनांवरचा खोटा आरोप आणि खरा आरोप

१/ ‘मास्तरांच्या संघटनांनी जिल्हा परिषदेच्या शाळा बुडवल्या.’ शिंदखेड्याच्या बाजारपेठेपासून मुंबईच्या वृत्तवाहिन्यांपर्यंत हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. हा धागा त्या शहानिशेसाठी आहे. माझा निष्कर्ष आरंभीच सांगतो: हा आरोप इतिहासाला धरून नाही. संघटनांचा खरा दोष निराळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे.

२/ आरंभ १८८२ पासून करू. हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी किमान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाच्या पगाराचाही आकडा मांडला: १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये हवा. मुलांची शाळा आणि मास्तरांचा पगार हे फुल्यांच्या लेखी दोन वेगळे प्रश्न नव्हते.

३/ १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या. शिंदखेडा तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ‘लोकल बोर्डाचा मास्तर’ जिल्हा परिषदेचा गुरुजी झाला.

४/ या रचनेत एक मेख आहे. नेमणूक आणि बदली जिल्ह्याच्या हाती. पैसा आणि नियम राज्याच्या हाती. तापीकाठच्या एकशिक्षकी शाळेतील गुरुजींनी धुळ्याला जाऊन पगारवाढ मागितली, तर धुळे मुंबईकडे बोट दाखवणार. म्हणून संघटना राज्यव्यापीच असावी लागली. प्राथमिक शिक्षक संघ, प्राथमिक शिक्षक समिती यांसारख्या संघटनांचे बळ यात आहे.

५/ या बळाची मोठी कसोटी १९७७-७८ मध्ये लागली. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा, यासाठी राज्य कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवस संप केला. शिक्षक त्यात सहभागी होते. ५४ दिवस पगाराविना घर चालवणे म्हणजे काय, हे कोरडवाहू तालुक्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

६/ ‘म्हणजे लढले ते स्वतःसाठीच!’ असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे: अशा लढ्यांमुळे गुरुजीची नोकरी प्रतिष्ठेची झाली. ज्या घरात जमीन नाही, भांडवल नाही, ओळख नाही, त्या घरातील मुला-मुलींनाही डी.एड. करून सन्मानाने उभे राहता आले. खानदेशातील कितीतरी शेतकरी, दलित आणि आदिवासी घरांत पहिला नियमित पगार आला तो शाळेतून. हेही सार्वजनिक शिक्षणाचेच फळ आहे.

७/ आता साने गुरुजी. शिक्षकांनी मोर्चा काढला की त्यांना साने गुरुजींची आठवण करून दिली जाते. अवश्य द्यावी, पण पूर्ण द्यावी. शिंदखेड्याहून रेल्वेने पूर्वेला निघाले की नरडाण्यानंतर अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कुलात गुरुजी १९२४ ते १९३० शिकवीत होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. पुढे खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. ‘निमूट गुरुजी’ ही प्रतिमा साने गुरुजींची नव्हे.

८/ संघटनेची गरज का, याचे एक उत्तर राज्यघटनेतही आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या. परंतु अनुच्छेद १७१ नुसार त्यांचे मतदार माध्यमिक स्तराखालचे नसावेत. म्हणजे पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवणाऱ्या गुरुजींना ‘शिक्षक मतदारसंघा’त मतच नाही! सभागृहात ज्याचा प्रतिनिधी नाही, तो रस्त्यावर येणारच.

९/ आता खरा दोष. सन २००० च्या सुमारास शिक्षणसेवक योजना आली. नव्या प्राथमिक शिक्षकाला ३ वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन. काम तेच, वर्ग तोच. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नेमलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजनाही गेली. एकाच व्हरांड्यात दोन प्रकारचे गुरुजी उभे राहिले.

१०/ तेव्हा ५४ दिवसांचा संप झाला नाही. २००० मध्ये नाही, २००५ मध्येही नाही. ज्यांची संघटना बळकट होती त्यांचे काही जात नव्हते, आणि ज्यांचे जात होते ते अद्याप नोकरीत यायचे होते. जुन्यांचे शाबूत राहिले आणि किंमत पुढच्या पिढीने मोजली. माझा आरोप हा आहे.

११/ जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यव्यापी संप झाला तो १४ मार्च २०२३ रोजी, १७ वर्षांनंतर. सातव्या दिवशी आश्वासनावर तो मिटला. शिक्षणसेवकाचे मानधन १६,००० झाले तेही २०२३ मध्येच.

१२/ एकदा तडजोड पचली की तिचा पायंडा पडतो. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, ऐन शिक्षकदिनी, २० पर्यंत पटाच्या शाळांतील दोनपैकी एका पदावर कंत्राटी नेमणुकीचा शासन निर्णय निघाला. ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या दोनांपैकी एक तात्पुरता झाला तर कायद्याचे अक्षर राहते, आशय जातो.

१३/ या निर्णयाविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले, हे योग्यच झाले. कमी पटाची शाळा कुणाची असते? पाऊस दगा देतो तेव्हा आई-बाप कामासाठी बाहेरगावी जातात आणि आजीपाशी राहिलेले मूल जिथे जाते, तिची. त्या मुलाला संघटना नाही, मत नाही, मोर्चा नाही. त्याच्यापाशी आहेत ते फक्त गुरुजी.

१४/ म्हणून संघटनांना मागणे एकच: आपल्या सभासदांइतक्याच त्वेषाने त्यांच्यासाठी लढा, जे अजून सभासद झालेले नाहीत. उद्याचा कंत्राटी शिक्षक आणि आजचा पहिलीतला विद्यार्थी, दोघेही. आणि संघटनांना शिव्या देणाऱ्यांनी एवढे सांगावे: त्या नसत्या, तर १८८२ चा तो १२ रुपयांचा हिशेब सरकारपुढे पुन्हा कुणी मांडला असता?

(धागा समाप्त)