रंगकाम सुरू होण्याआधीचा एक तास

घट उठले, सोनं लुटून झालं की आपल्याकडे घराघरांत एकच विषय निघतो. दिवाळीच्या आत रंग उरकायचा. पाऊस थांबलेला असतो, भिंतींची ओल वाळत आलेली असते आणि रंगारी सगळ्यांनाच एकदम हवे असतात. मग रंगांचे नमुने पाहत आठ-आठ दिवस चर्चा चालते. बैठकीला मोतिया बरा की बदामी? स्वयंपाकघराला ऑइलपेंट द्यावा की धुता येणारा दुसरा काही? या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो रंग द्यायला वर चढणारा माणूस सुखरूप खाली कसा उतरणार?

मैत्रिणींनो, मीही विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

आमचे रंगारी मामा ओळखीचे, हात अगदी सफाईदार. त्यांच्या हाताखाली पंचविशीचा एक तरुण होता. लांबी भरणं, घासणं, शिडी धरणं ही त्याची कामं. त्या दिवशी मामा रंग आणायला दुकानात गेले होते आणि घडीची शिडी दुसऱ्या कामावर अडकली होती. बैठकीतला पंख्याजवळचा एक कोपरा तेवढा राहिला होता. मला शाळेची घाई. मी म्हणाले, "तेवढा कोपरा उरकून टाका, म्हणजे मी कुलूप लावून निघते." तो म्हणाला, "ताई, शिडी नाही." मग मीच जेवणाचं टेबल ओढून दिलं आणि त्यावर ठेवायला स्टूलही दिलं. दोन मिनिटांचं तर काम होतं!

स्टूल सरकलं. तो हातावर पडला. "काही नाही झालं ताई," असं म्हणत उठलासुद्धा, पण मनगट पार वाकडं झालं होतं. दवाखान्यात नेलं, फोटो काढला, प्लास्टर घातलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. खर्च आम्हीच केला. आपलं कर्तव्य संपलं, असं मला वाटलं.

आठवड्याने त्याची बायको दारात आली. पैसे मागायला नव्हे, भांड्याधुण्याचं काम कुठे मिळेल का, हे विचारायला. बोलता बोलता कळलं, की दोघांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. दिवाळी झाली की ती ऊसतोडीला कारखान्यावर जाणार होती. आपल्या बीड जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याचा हात गळ्यात, मग जोडी कशी जाणार? हंगाम बुडाला आणि उचल मात्र अंगावर राहिली. मी सहा आठवड्यांचं प्लास्टर मोजलं होतं. त्या घराचं अख्खं वर्ष गेलं होतं.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती गोळा करते आहे. १९९६ साली आपल्या देशात बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांच्या आतलं काम त्यातून वगळलेलं होतं. पुढे २०२० साली जी नवी संहिता संमत झाली, तिच्यातही राहत्या घरासाठी सूट आहेच. म्हणजे आपल्या घरी शिडी तपासायला कुणी साहेब येणार नाही. पुरुषमंडळी सकाळी कामाला जातात. दिवसभर त्या घरात कोण असतं? आपण! आपलं घर त्या आठ-दहा दिवसांपुरतं दुसऱ्याची कामाची जागा होतं, तेव्हा तिथली देखरेख आपल्याकडेच येते.

म्हणून आता आमच्याकडे काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मामांना चहाला बोलावते. वही घेऊन घरभर त्यांच्याबरोबर फिरते. एक तास लागतो. त्या तासात काय काय ठरवायचं, ते खाली देते.

उंची. प्रत्येक खोलीत वर चढायला काय वापरणार, हे आधीच विचारावं. टेबलावर स्टूल, पिंपावर फळी, खिडकीच्या गजावर पाय, असं काहीही चालणार नाही म्हणून सांगावं. शिडी आली की पायऱ्या आणि खालचे रबर पाहावेत. भिंतीला टेकवायची शिडी जेवढ्या उंचीवर टेकते, त्याच्या पाव अंतर तिचे पाय भिंतीपासून लांब असावेत. बारा फुटांवर टेकली तर पाय तीन फुटांवर. गच्चीवर चढायचं असेल तर शिडीचं टोक कठड्याच्या वर तीन फूट यावं आणि ते बांधलेलं असावं. रंगाचा डबा हातात धरून चढू नये, आकड्याने अडकवावा. बाहेरच्या भिंतीसाठी झुला बांधणार असतील, तर पट्टा आणि त्याचा वेगळा दोर हवाच. तो दोर पक्क्या खांबाला बांधावा. नळाच्या पाइपला किंवा गॅलरीच्या रेलिंगला नव्हे.

वीज. ज्या खोलीत काम, तिथली वीज मेनपासून बंद करावी आणि मेनवर चिठ्ठी चिकटवावी: 'काम चालू आहे, हात लावू नये.' रंगारी बटणांच्या पट्ट्या काढून कडेने रंग देतात, भिंत ओल्या फडक्याने पुसतात. अशा वेळी ओला हात आणि उघडी तार यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. पंख्याचंही तसंच. माणूस वर छताला हात लावून उभा असतो आणि घरातलं कुणीतरी सवयीने पंख्याचं बटण दाबतं. बाहेरच्या बाजूला जुन्या गल्ल्यांतून विजेच्या तारा गॅलरीला घासून जातात. ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी पाइपला लावलेला लांब रोलर तारेजवळ नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे काम असेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात कळवून तार बंद करून घ्यावी. चार दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

धूळ. ही गोष्ट आपल्या लेकरांच्या जिवाशी निगडित आहे. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी दारं, खिडक्या, ग्रिल यांना दिलेल्या ऑइलपेंटमध्ये भरपूर शिसं असू शकतं. पिवळा, तांबडा, हिरवा अशा भडक रंगांत तर विशेष. तो जुना थर कोरडा खरवडला किंवा पॉलिश पेपरने घासला, की शिसं धुळीतून घरभर पसरतं. रांगतं मूल फरशीवरचा हात तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं आणि शरीरात त्याचं इतकं प्रमाण चालेल, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, असं युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालात म्हटलं आहे. ते सगळंच रंगातून येतं असं नाही, पण आपल्या घरातून तरी जाऊ नये ना!

उपाय साधे आहेत. जुना ऑइलपेंट पाणी मारून ओलाच घासायला सांगावा. तो जाळून काढू देऊ नये. घासण्याचं काम मुलं शाळेत असताना करावं. दिवस गेलेल्या सुनेला किंवा लेकीला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावं. पाण्याचे माठ, धान्याचे डबे, अंथरुणं आधी हलवावीत. आणि संध्याकाळी झाडू अजिबात मारू नये. ओल्या फडक्याने पुसावं. ही धूळ झाडणारी एक तर आपण असतो, नाहीतर आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई. दोघींनीही नाकाला चांगला मास्क लावावा.

थिनर आणि टर्पेंटाइन. यांची वाफ पेट घेते. म्हणून ऑइलपेंटच्या दिवशी शेजारच्या खोलीत गॅस नको आणि देवघरात नंदादीपही नको. देव समजून घेईल. खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. एक लक्षात घ्या, धुळीसाठीचा मास्क ही वाफ अडवत नाही. तिला मोकळी हवा हाच उपाय. मधून मधून रंगाऱ्याने बाहेर येऊन बसावं. त्याला "सारखे बाहेर काय बसता?" म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याचा व्यवसाय कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींत धरला. आपल्याला वास आठ दिवस, त्याला आयुष्यभर.

उरलेलं थिनर पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नये. मूल पाणी समजून पितं. तसं झालं तर ओकारी काढू नये, कारण ते फुप्फुसात जातं. मुलाला बाटलीसकट लगेच दवाखान्यात न्यावं. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलं असेल, तर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवावीत.

चुना. आपल्याकडे मागची भिंत, कंपाऊंड, गावाकडचं घर यांना अजून चुनाच देतात. कळीचा चुना भिजवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो खदखदून उकळतो आणि उडतो. प्लास्टिकची बादली घेऊ नये. डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं दूर हवीत. शिंतोडा डोळ्यात गेलाच तर चोळू नये. तूप, दूध घालू नये. त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार वीस मिनिटं सोडत राहावं, पापणी उलटून कण काढावेत आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. चुन्याने दृष्टी जाऊ शकते. पण आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठे असतं? म्हणून काम चालू असेपर्यंत एक बादली आणि तांब्या फक्त यासाठी झाकून ठेवायचा. त्या बादलीतलं पाणी कुणी हात धुवायलाही घ्यायचं नाही.

आता पैशाची गोष्ट, कारण सगळी घाई तिथूनच येते. आपण काम गुत्त्याने देतो. जितक्या लवकर संपेल तितका त्यांचा फायदा, आणि आपल्यालाही दिवाळीच्या आत हवंच असतं. दोन्ही बाजूंनी घाई, मग शिडी कोण शोधतो? म्हणून बोलणी करताना दोन दिवस जास्तीचे धरावेत. शिडीचं भाडं, मास्क, हातमोजे यांचे पैसे वेगळे लिहावेत. घासाघीस करायची असेल तर रंगाच्या दरात करा, यात नको. बाहेरची पश्चिमेची भिंत सकाळी रंगवायला द्यावी. ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात माणसाला भोवळ येते. आणि आपल्याला बाहेर जायचं असेल तर वर चढायचं काम त्या वेळेपुरतं थांबवावं. एकटा माणूस शिडीवर नको.

वहीच्या शेवटच्या पानावर रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक, जवळच्या रिक्षावाल्याचा नंबर आणि हाडांचे, डोळ्यांचे डॉक्टर कुठे भेटतील ते लिहून ठेवावं. अंबाजोगाईच्या बाजूला राहणाऱ्यांना स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालय जवळ आहे. बाकीच्यांनी आपापल्या तालुक्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आणखी एक विचारावं: "तुमची नोंदणी झाली आहे का?" राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. त्यात रंगकाम करणाऱ्यांनाही नाव नोंदवता येतं. १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो. नोंदणी असली तर अपघातात, आजारपणात, मुलांच्या शिक्षणाला मदत मिळू शकते. कित्येकांना अर्ज भरण्याचाच धाक वाटतो. आपल्याला लिहिता-वाचता येतं, अर्धा तास बसून अर्ज भरून दिला तर काय बिघडलं? त्या तरुणाचा अर्ज मीच भरला, पण मनगट मोडल्यानंतर. ते आधी सुचलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

गेल्या दिवाळीत तो पुन्हा मामांबरोबर आला होता. हात बरा झाला आहे, मात्र थंडीत दुखतो म्हणाला. आल्या आल्या माझं टेबल त्याने स्वतःच उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि हसला. मला काही हसू आलं नाही. स्टूल मी आधीच शेजारी देऊन टाकलं होतं.

यंदा रंगांचे नमुने मागवाल, तेव्हा एक वहीही शेजारी ठेवा. कोणत्या भिंतीला कोणता रंग, हे लिहून झालं की त्याच ओळीत पुढे लिहा: तिथे चढणार कशावरून आणि खाली धरायला कोण.