पेटाफ्लॉप्सचा तोरा आणि मेमरीची कोंडी

महासंगणकाची थोरवी पेटाफ्लॉप्समध्ये, म्हणजे सेकंदाला किती हजार लाख कोटी आकडेमोडी होऊ शकतात यावरून, सांगण्याचा प्रघात पडला आहे. परंतु आकडेच प्रोसेसरपर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत, तर हा वेग कागदावरच राहतो. प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले आणि मेमरी मागे पडली. या तफावतीतून उभ्या राहणाऱ्या अडसराला संगणकशास्त्रज्ञ वुल्फ आणि मॅकी यांनी १९९५ साली ‘मेमरी वॉल’ म्हटले.

पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरमध्ये २०२४ साली दाखल झालेली एनव्हिडियाची एच-१०० चिप याचे चांगले उदाहरण ठरते. तिच्या एका प्रमुख आवृत्तीत प्रोसेसरलगत थरावर थर रचलेली ८० गिगाबाइट मेमरी असून तिच्यातून सेकंदाला सुमारे ३.३५ टेराबाइट माहिती येते, तर ६४-बिट संख्यांच्या साध्या गणनेचा कमाल वेग ३४ टेराफ्लॉप्स आहे. म्हणजे आठ बाइटची एक संख्या आणल्यावर तिच्यावर सुमारे ८० क्रिया झाल्या नाहीत, तर गणक-विभाग रिकामा बसतो. पुलावरील ताणासारख्या गणितात विरळ सारण्या, म्हणजे बहुतेक घरांत शून्य असलेल्या सारण्या, येतात आणि त्यांतील संख्या जेमतेम एक-दोनदा वापरली जाते. अशाच गणितावर बेतलेल्या एचपीसीजी चाचणीत बहुतेक महासंगणक आपल्या कमाल वेगाच्या मोजक्या टक्क्यांवरच अडतात.

आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९९१ साली नेमक्या याच प्रश्नाला हात घातला होता: प्रक्षेपीय भूमितीतील बिंदूंच्या जागी मेमरीचे विभाग आणि रेषांच्या जागी प्रोसेसर योजून, एकाच विभागावर अनेकांची झुंबड उडू नये अशी रचना त्यांनी मांडली.

अशा संशोधनासाठी चिपचा कारखाना लागत नाही. जेम-५ सारखा मुक्त सिम्युलेटर आणि खऱ्या यंत्रावरील थोडा वेळ एवढ्यावर संगणकशास्त्राचा पदवीधर माहितीच्या मांडणीचे प्रयोग करू शकतो. खारघरला सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेचे केंद्र आहे आणि नवी मुंबईत अभियांत्रिकी महाविद्यालयांची वानवा नाही; हवा आहे तो खऱ्या यंत्रावरील वेळ. म्हणून २०१५ पासूनच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाने प्रत्येक नव्या यंत्राच्या पेटाफ्लॉप्सबरोबर त्याचा एचपीसीजीचा आकडाही जाहीर करावा आणि यंत्राचा ठरावीक वेळ विद्यार्थ्यांच्या मेमरीविषयक प्रयोगांसाठी राखून ठेवावा. कारण विकत घेतलेली यंत्रे काही वर्षांत जुनी होतात, माहिती कशी रचावी याचे ज्ञान मात्र पुढच्या यंत्रावरही कामी येते.