सर्व्हर आपला, पण दार कोणाचे?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाले आणि चळवळीचा स्वतःचा छापखानाही उभा राहिला. आज मात्र आपली भाषणे, लेख, व्हिडिओ पुन्हा दुसऱ्याच्या मंचावर आहेत. तक्रारींचा मारा करून तिथले पान बंद पाडता येते आणि दाद कोणाकडे मागायची हेही कळत नाही.

म्हणूनच जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय विहारात, अभ्यासिकेत लावून स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या तरुणांचे आम्ही स्वागत करतो. पण तो सर्व्हर त्याच वायफायवर दिसत असेल आणि बाहेरून उघडत नसेल, तर अंक छापून कपाटात ठेवल्यासारखे आहे.

अडते कुठे? १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातला असतो. राउटरला सार्वजनिक पत्ता असेल, तर त्यात पोर्ट फॉरवर्डिंग करून ८० आणि ४४३ हे पोर्ट सर्व्हरकडे वळवले की बहुधा काम होते. पण अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरमध्ये दिसणारा वॅन पत्ता आणि इंटरनेटवर दिसणारा आपला पत्ता वेगळा असेल, तर बहुधा तुम्ही त्यातच आहात. मग कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही.

याला कोणी जातीचा कट म्हणू नये. आयपीव्ही४ चे पत्तेच मुळात सुमारे ४२९ कोटी. ते पुरले नाहीत. पण परिणाम पाहा: ग्राहक म्हणून बाहेर जायला मुभा, प्रकाशक म्हणून दार उघडायला मज्जाव. ज्याच्याकडे पैसे आहेत तो स्थिर पत्ता विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो पुन्हा दुसऱ्याच्या मंचावर जातो.

यावर उपाय आहेत. आयपीव्ही६ मिळत असेल तर सर्व्हरला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो, पण फक्त आयपीव्ही४ असलेला वाचक बाहेरच राहतो. क्लाउडफ्लेअरसारखा तयार बोगदा फुकट आणि सोपा आहे, पण तिथे दरवान कंपनीचा. आम्ही तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहोत: वर्गणी काढून बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा आणि घरच्या सर्व्हरने वायरगार्डने त्याला जोडून घ्यावे. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही.

पैसे नसतील तर फुकटच्या बोगद्याने सुरुवात करा. पण डोमेन मात्र स्वतःचे घ्या. एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नको, संस्थेच्या नावावर. पासवर्ड तिघांकडे ठेवा, नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहा. रस्ता भाड्याचा चालेल; तो बदलता येतो. पत्ता दुसऱ्याच्या हातात गेला की वाचकही गेले.

दार उघडले की चोरही दार वाजवतात. म्हणून गरजेपुरतेच पोर्ट उघडा, एसएसएच पासवर्डवर ठेवू नका, अपडेट टाळू नका. आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांचे जबाब, फोन नंबर, पत्ते त्या यंत्रावर कधीही ठेवू नका. आपल्या हौसेची किंमत त्यांनी का मोजावी?

शेवटचे. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा तिथला बुद्धभूषण छापखानाही गेला. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवाच.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीत डीजेचा खर्च थोडा कमी करून डोमेनचा खर्च लिहा, एवढेच आमचे म्हणणे.

जय भीम!