अरुंधती सेलवासला येऊन गेली, पण...

मालिका बघणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यातून तो पुरुष, चाळिशी ओलांडलेला, सरकारी कारकून आणि वर मराठी घेऊन बी.ए. झालेला असेल तर विचारूच नका. "तू? आणि सासू-सुना?" हा प्रश्न मला पणजीतही विचारला गेला आणि इथे सिल्वासातही. (इथले लोक सेलवास म्हणतात. कागदावर सिल्वासा, तोंडात सेलवास. आपल्या म्हापशासारखंच, पाटी एक आणि हाक दुसरी!)

तर मंडळी, मी मालिका बघतो. बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीत, संध्याकाळी साडेसहानंतर माणसाने करावं तरी काय? ऑफिसात हिंदी, बाजारात गुजराती, शेजारच्या खोलीत भोजपुरी. दिवसभरात मराठी कानावर पडतं ते भाजी विकायला आलेल्या वारली बायकांच्या बोलण्यातून. ती आपली मराठी नव्हे, पण ओळखीची वाटते. आणि मग रात्री मोबाईलवर मालिका. तिच्यातली मराठी बेतास बात असते, "मी तुला मिस करतेय" छापाची. पण आहे ना! उपाशी माणूस भाताला करपट वास लागलाय म्हणून ताट परत पाठवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. 2021 च्या एप्रिलात महाराष्ट्रात 'ब्रेक द चेन'खाली चित्रीकरणं बंद झाली तेव्हा मराठी मालिकांची युनिटं बोचकी बांधून बाहेर पडली. रोजचा भाग रोज दाखवायचा तर थांबून चालत नाही. बरीच युनिटं आपल्या गोव्यात आली. तेव्हा मी गोव्यातच होतो. रोजच्या मालिकेत एकाएकी नारळाची झाडं, लाल माती आणि बाल्कांव दिसायला लागले, आठवतं? घरातले सगळे खुशीत. "अरे, हे आपल्याकडचंच दिसतं!" असं दर भागात कोणीतरी म्हणायचं.

आणि मग मे महिना आला. तो महिना गोव्यात ज्याने काढला त्याला सांगायला नको. बांबोळीला गोमेकॉत पहाटेच्या वेळी प्राणवायूअभावी माणसं जात होती आणि त्याच दिवसांत मडगावच्या रवींद्र भवनात 'सूर नवा ध्यास नवा'चं चित्रीकरण चालू होतं. आमदार विजय सरदेसाई तिथे जाऊन थडकले, आरडाओरडा झाला, आणि गोवा मनोरंजन सोसायटीने सगळ्या चित्रीकरणांचे परवाने रद्द केले. युनिटं पुन्हा बोचकी बांधून निघाली.

तेव्हा महाराष्ट्रातल्या काही लोकांनी गोवेकरांना बरीच नावं ठेवली. कलेची कदर नाही, मराठीचा दुस्वास, वगैरे वगैरे. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या गावात एका घराआड एक माणूस आजारी आहे तिथे बाहेरून शंभर माणसांचं युनिट येऊन गाण्याची स्पर्धा करतं, हे डोळ्यांना खुपणारच. यात मराठीचा काही संबंध नव्हता. ज्या गोव्यात देवळाच्या जत्रेला गावची पोरं वर्गणी काढून मराठी नाटक बसवतात, जिथे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला खेड्यापाड्यातून संघ उतरतात, त्या गोव्याला कलेची कदर शिकवायची गरज नाही. हां, एक गोष्ट मात्र खरी. युनिटं गेल्यावर ज्यांचा रोजगार गेला त्यांत आपलेही लोक होते: जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे, बंगले भाड्याने देणारे. त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

बरं, मुंबईची मंडळी तेव्हा आणखी कुठे कुठे गेली होती? उंबरगाव, दमण आणि आमचं हे सेलवास. स्टार प्रवाहच्या 'आई कुठे काय करते'ची अरुंधती इथे आली. आणि गंमत ऐका. स्टार प्लसच्या 'अनुपमा'चं युनिटही इथेच आलं! आता या दोन्ही बायका म्हणजे एकच बाई. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. 2019 मध्ये कोलकात्यात जन्मली, त्याच वर्षी डिसेंबरात मराठीत अरुंधती झाली, 2020 मध्ये हिंदीत अनुपमा झाली. घरासाठी राबराब राबलेली, नवऱ्याने फसवलेली, उशिरा जागी झालेली आई. ती एकच बाई मराठी साडीत आणि गुजराती साडीत त्या उन्हाळ्यात सेलवासच्या रिसॉर्टांत वावरत होती. त्या एकमेकींना दिसल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, हा माझा आवडता विचार आहे. (कारकुनाला फायली हातावेगळ्या केल्यावर असे विचार येतात. हसू नका.)

पण माझी तक्रार वेगळीच आहे. ते भाग मी तेव्हा घरी पाहिलेत आणि इथे आल्यावर मुद्दाम पुन्हा काढून पाहिले. हिरवळ आहे, पोहण्याचा तलाव आहे, कॉटेजं आहेत, पाठीमागे झाडी आहे. सेलवास कुठे आहे? दमणगंगा नाही, दुधनीचं पाणी नाही, खानवेलच्या वाटेवरचे साग नाहीत, कारखान्यांची पाळी सुटल्यावर सायकलींचा लोंढा येतो तो नाही, आठवड्याचा बाजार नाही. करोनाचा काळ होता, बाहेर पडायला बंदी होती, कबूल. पण तो काळ सरल्यावरही मालिकांचं तेच चाललेलं असतं. गोव्याच्या बाबतीत आपण हे आयुष्यभर बघत आलो. मालिकेतलं जोडपं गोव्याला येतं म्हणजे किनाऱ्यावर येतं, आणि गोवेकर म्हणून जो दिसतो तो टोपी घातलेला, "क्या रे मॅन" म्हणणारा. फोंड्याचा भटजी, पेडण्याचा मास्तर, काणकोणचा बागायतदार यांना मालिकेत अजून प्रवेश नाही. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये आली तेव्हा आमच्या घरी सगळे तुटून पडले ते भुतासाठी नव्हे. त्यातली बोली कानाला जवळची होती. मालवणी आपल्या सीमेपलीकडची, पण पेडणेकराला ती परकी वाटते का? सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं एक घर दाखवलं आणि लोक ते घर बघायला गाड्या करून गेले. गाव दाखवलं की लोक बघतात, हे त्या मालिकेने दाखवून दिलं होतं. पण पुढे काय? पुन्हा तेच बंगले, तोच जिना, तीच कंपनी आणि तोच 'प्रोजेक्ट'.

सध्या काय बघतो म्हणाल, तर 'ठरलं तर मग'. 2022 च्या डिसेंबरात सुरू झालेली, तमिळ 'रोजा'वरून घेतलेली. त्यातली पूर्णा आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मध्ये गेल्या. आईचा गोव्याहून फोन आला, "अरे, पूर्णा आजी गेली रे." घरातलंच कोणी जावं तसा आवाज. नंतर त्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या. इतकी मोठी नटी, तरी आईने पहिले काही दिवस तिला आजी मानायला साफ नकार दिला. मालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी हा फोन ऐकायला हवा होता. नाटकातला नट प्रयोग संपल्यावर घरी जातो, मालिकेतली आजी मात्र रोज जेवणाच्या वेळी आपल्या घरी येते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही सोबत थोडी नाही.

मुलाचं वेगळंच. तो अकरावीत, त्याची मालिका म्हणजे बीजीएमआय. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली तेव्हा घरात सुतक होतं. मग 2021 मध्ये ती नव्या नावाने परतली, 2022 मध्ये पुन्हा गायब, 2023 मध्ये पुन्हा हजर. मेलेलं पात्र प्लास्टिक सर्जरी करून परत येतं तसंच! आईची मालिका आणि नातवाचा गेम यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. तोही रोज ठरलेल्या वेळी बसतो, त्याचीही ठरलेली माणसं आहेत, एक कुडचड्याचा, एक पुण्याचा, एक कधीच न भेटलेला इंदूरचा. भांडतात, रुसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र. डोळ्यांचं आणि अभ्यासाचं वाटोळं होतं ते आहेच, त्यावर माझे आणि त्याचे फोनवर रीतसर खटके उडतात. पण मला त्या गेमची भीती वाटत नाही.

भीती वाटते ती पैशांच्या खेळाची. इथे माझ्या ओळखीचा एक शिपाई पगार झाल्याच्या तिसऱ्या दिवशी उधार मागायचा. कुठल्याशा रमीच्या ॲपवर जायचं सगळं. बायकोला म्हणायचा, साहेबाने पगार अडवलाय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाईन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही. ई-स्पोर्ट्सला मान्यता आणि पैसे लावण्याला मनाई, असा त्याचा ढाचा. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. मी म्हणतो, फार चांगलं केलं, उशीर झाला एवढंच. पण गोवेकर म्हणून एक प्रश्न घशात अडकतो. शिपायाच्या मोबाईलमधला जुगार वाईट, आणि मांडवीत दिव्यांनी लखलखणारी ती जहाजं? त्यांच्यासाठी गोवेकरांना 2020 च्या फेब्रुवारीपासून आत यायला बंदी, बाहेरच्यांना मुभा. म्हणजे वीष आहे हे सरकारला मान्य आहे, फक्त ते पाहुण्याला वाढायचं! आमच्या पूर्वजांनी पाहुणचाराची ही रीत शिकवली नव्हती.

असो. पुन्हा मालिकेकडे येतो, कारण माझ्या डोक्यात एक मालिका तयार आहे आणि ती फुकट द्यायला मी बसलोय. अरुंधती आणि अनुपमा ज्या गावात राहून गेल्या, त्या गावात 1954 साली काय झालं ते कोणाला तरी आठवलं का? 22 जुलैला दादरा सुटलं, फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या हातून. 2 ऑगस्टला सेलवास. त्यात आझाद गोमंतक दलाचे आपले गोवेकर होते, पुण्याचे स्वयंसेवक होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि गाण्याच्या पेटीशी बसणारे सुधीर फडके होते! 2024 च्या त्यांच्यावरच्या चित्रपटाने ही बाजू पुन्हा लोकांपुढे आणली, पण दोन-अडीच तासांत किती मावणार? पुढे सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार हाकला. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, तिथे 1960 च्या एप्रिलात निकाल लागला. आणि 1961 मध्ये भारतात विलीन होण्यासाठी करारावर सही कोणी करायची, तर के. जी. बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरता पंतप्रधान करण्यात आलं, म्हणजे नेहरूंच्या सहीशेजारी बरोबरीची सही पडावी! सरकारी नोकरीत इतकी मोठी बढती इतक्या थोड्या वेळासाठी कोणाला मिळाली असेल? ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "पेन्शन कुठल्या पदाची धरली?"

नाट्य आहे, विनोद आहे, नदी आहे, जंगल आहे. पावसाळ्यातली चिखलवाट आहे. जागा तर दाखवायचीही गरज नाही, वापी स्टेशनवर उतरलं की अर्ध्या-पाऊण तासावर. वाहिनीवाल्यांना सासूच हवी असेल तर तीही घाला, माझी हरकत नाही. फक्त त्या वेळचा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो याच्या भूमिकेसाठी नट गोव्यातला घ्या. निदान शिव्या तरी शुद्ध पोर्तुगीजमध्ये देईल.